कोर्तिना दाम्पेत्सो

कोर्तिना दाम्पेत्सो : उत्तर इटलीतील डोलोमाइट पर्वतातले एक गाव व पर्यटनस्थळ. व्हेनेतो प्रदेश, बेल्लुनो प्रांत. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२० मी.; कायमची वस्ती सहा हजारांच्या आत. बोइते नदीच्या वरच्या खोऱ्यात ते वसले आहे. खोऱ्याचे नाव आंपेत्सो. गावाच्या नावातला दुसरा शब्द त्यावरूनच आला. व्हेनिसहून रस्त्याने अंतर सुमारे १६० किमी. असून बसला अडीच-तीन तास लागतात. आगगाडी आता गावापर्यंत येत नाही.

बर्फावरचे खेळ, महागडी हॉटेले आणि बड्या शहरांतल्या धनिकांची सुट्टी यांमुळे कोर्तिनाचे नाव झाले. भोवतालच्या डोंगरांत पाहण्यासारखे जे आहे, त्याचा मात्र या झगमगाटाशी फारसा संबंध नाही. या खोऱ्याच्या कडेने चारशे वर्षे सरहद्द गेली आणि इथली राने-कुरणे कधी कोणाला विकता आली नाहीत. पाहुण्याला आज जे दिसते, ते बरेचसे या दोन कारणांनी घडले किंवा टिकले.

भूवैशिष्ट्ये : गावाच्या चौकात उभे राहिले की चहूबाजूंनी डोंगरभिंत दिसते. पश्चिमेला तोफाना (सर्वोच्च शिखर ३,२४४ मी.), ईशान्येला क्रिस्तालो (३,२२१ मी.), आग्नेयेला सोरापिस (३,२०५ मी.) आणि खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी आंतेलाओ (३,२६४ मी.). तोफानाच्या नावात मराठी माणसाला तोफ ऐकू येते. तो योगायोग असला तरी पुढे या डोंगरावर तोफा खरोखरच धडाडल्या.

हा खडक समुद्राचा आहे. ट्रायासिक काळात (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी) इथे उबदार, उथळ समुद्र होता; त्यातली प्रवाळसदृश बेटे व तळाचा गाळ यांचे खडक झाले आणि आल्प्स उचलले गेले तेव्हा तेही वर आले. फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोमिय याने १७९१ मध्ये या प्रकारच्या खडकाचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून खडकाला डोलोमाइट आणि पुढे पर्वतालाही तेच नाव. मावळतीला हे फिकट कडे आधी नारिंगी, मग गुलाबी, शेवटी जांभळट होतात. या रंगपालटाला स्थानिक लादीन भाषेत ‘एनरोसादीरा’ म्हणतात. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट पर्वताचा जागतिक वारशात समावेश केला.

समुद्राचा पुरावा पाहायचा असेल तर गावातल्या रिनाल्दो झार्दिनी जीवाश्म संग्रहालयात जावे. शंख, शिंपले, प्रवाळ, स्पंज यांचे याच खोऱ्यातले जीवाश्म तिथे मांडले आहेत. कोर्तिनाजवळच्या थरांत राळेचे बारीक थेंबही सापडतात, बरेचसे काही मिलिमीटरांचेच. त्यांचे वय सुमारे २३ कोटी वर्षे. असे सत्तर हजारांच्या घरातले थेंब तपासल्यावर तीन जीव हाती लागले : कोळ्यांच्या कुळातले दोन सूक्ष्म माइट आणि माशीच्या जातीचा एक कीटक. २०१२ मध्ये हा शोध जाहीर झाला, तेव्हा राळेत अडकलेले त्याहून जुने संधिपाद प्राणी कोठे माहीत नव्हते. दक्षिणेकडच्या पेल्मेत्तो डोंगराच्या पायथ्याशी एका प्रचंड शिळेवर डायनासोरांची पावलेही उमटलेली आहेत.

सरहद्दीचा इतिहास : आंपेत्सो १४२० पासून व्हेनिस प्रजासत्ताकात होते. १५११ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजेने ते घेतले आणि नेपोलियनचा काळ सोडला तर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ते हाब्सबुर्गांकडेच (ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे) राहिले. शेजारचे सान व्हितो हे गाव मात्र व्हेनिसकडे. त्यामुळे दोन गावांमधला चराईचा तंटा हा दोन राज्यांमधला तंटा होऊन बसला. कुरणे कोणाची, गुरे कोणी कोठवर न्यायची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली. शेवटी १७५३ मध्ये जाऊ खिंडीजवळच्या माळावर हद्दीची दगडी भिंत घातली गेली. तिचा सुमारे दोन किमी. लांबीचा माग आजही दिसतो. गवतातून जाणारी कमरेएवढी, कोठे ढासळलेली ही भिंत पाहायला फारसे कोणी थांबत नाही. बहुतेकांचे लक्ष खिंडीतून दिसणाऱ्या सुळक्यांकडे. तिथून पुढे मोंदेव्हाल दे सोरा या पठारावर, दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला मध्याश्मयुगीन शिकाऱ्याचे दफन १९८७ मध्ये उकरून काढण्यात आले. ते सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्याचा सांगाडा जवळच्या सेल्व्हा दी कादोरे गावातील संग्रहालयात ठेवला आहे.

युद्धभूमी : मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा कोर्तिनाचे तरुण आधीच ऑस्ट्रियाच्या सैन्यात, दूर गॅलिशियाच्या (आजचा पोलंड-युक्रेनचा भाग) आघाडीवर होते. ऑस्ट्रियनांनी गाव सोडून वरचे कडे धरले आणि इटालियन तुकड्या न लढता गावात आल्या. पुढची दोन-अडीच वर्षे लढाई झाली ती गावात नव्हे, डोक्यावरच्या डोंगरांत.

त्या लढाईचे सर्वांत बोलके ठिकाण म्हणजे लागात्सुओई. फाल्त्सारेगो खिंडीतून (२,१०५ मी.) रोपवे थेट माथ्याजवळ नेतो. माथा ऑस्ट्रियनांकडे होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये इटलीच्या आल्पिनी या डोंगरी दलाच्या सैनिकांनी कड्याच्या मधोमध असलेला अरुंद कंगोरा पकडला. त्यांच्या अधिकाऱ्याच्या नावाने तो आजही ‘मार्तीनी कंगोरा’ म्हणून ओळखला जातो. वरच्यांना खालचे हटवता येईनात, खालच्यांना वर चढता येईना. मग दोघांनीही डोंगर पोखरायला घेतला. आत सुरुंग ठासून शत्रूच्या पायाखालची जमीनच उडवायची, हा डाव. ऑस्ट्रियनांनी चार सुरुंग उडवले. इटालियनांनी २० जून १९१७ रोजी सुमारे ३३ टन स्फोटके पेटवून शिखराचा एक कोपरा खाली आणला. त्याआधी ११ जुलै १९१६ रोजी तोफाना दी रोत्सेसच्या कास्तेल्लेत्तो या सुळक्याखाली ३५ टनांचा स्फोट झाला होता. एवढे करून आघाडी जेमतेम हलली. नोव्हेंबर १९१७ मध्ये, पूर्वेकडच्या आघाडीवर कापोरेत्तो येथे झालेल्या पराभवानंतर, इटालियनांना हे सगळे सोडून मागे जावे लागले.

लागात्सुओईच्या पोटातला इटालियनांचा बोगदा सुमारे १,१०० मी. लांब असून आज तो पायी उतरता येतो. आत ओल असते, पायऱ्या उंच आणि घसरड्या असतात, धरायला लोखंडी दोर लावलेला असतो. वाटेत कोरलेल्या कोठड्या लागतात. मधूनच कड्याच्या पोटात हातभर भोक येते आणि त्यातून खालची खिंड चित्रासारखी चौकटीत दिसते. बंदुकीसाठी पाडलेल्या त्या भोकातून सैनिकालाही तेवढेच दिसत असणार. हेल्मेट व डोक्याला बांधायची बॅटरी नसेल तर आत शिरू नये. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही, कारण एक हात दोराला लागतो.

समोरच्या चिंक्वे तोर्री (पाच मनोरे) या सुळक्यांखाली इटालियन तोफखान्याचे ठाणे होते. तिथले खंदक पुन्हा बांधून उघड्यावरचे संग्रहालय केले आहे. वाट सोपी असल्याने मुले, म्हातारी माणसे इथे सहज फिरतात. सुळके पक्के वाटतात, तसे ते नाहीत. त्यांतला एक २००४ मध्ये कोसळला. व्हाल्पारोला खिंडीतला त्रे सास्सी हा ऑस्ट्रियन किल्ला जुलै १९१५ मध्येच तोफांनी फोडला गेला होता. त्यातही आता युद्धसंग्रहालय आहे. गावावरच्या पोकोल येथील १९३५ च्या स्मारकात नऊ हजारांहून अधिक सैनिकांचे अवशेष विसावले आहेत. लोखंडी दोर व शिड्या लावलेल्या ज्या वाटा (व्हीया फेर्राता) आज हौशी चढणारे करतात, त्यांतल्या काहींचे मूळ याच युद्धात आहे.

रेगोले : आंपेत्सोची बहुतेक जंगले व कुरणे सरकारची नाहीत आणि एकेकट्याचीही नाहीत. ती मूळ घराण्यांच्या सामाईक मालकीची आहेत. या गावकीला ‘रेगोले’ म्हणतात. तिचे लेखी दाखले मध्ययुगापासूनचे आहेत. जमीन विकायची नाही, वाटायची नाही, हा मूळ नियम. सभासदाला सरपण, घरासाठी लाकूड आणि चराई यांचा हक्क मिळतो, जमिनीचा तुकडा मिळत नाही. हक्क परंपरेने मुलाकडे जातो, भाऊ नसेल तर मुलीकडे. गोव्याची गावकारी माहीत असलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही, तिच्यातला खटकणारा भागसुद्धा. पण इतक्या महाग गावाच्या वेशीवरचे रान बंगल्यांनी गिळले नाही, याचे श्रेय या हटवादी नियमाला द्यावे लागते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या, सुमारे ११,००० हेक्टरांच्या आंपेत्सो डोलोमाइट निसर्ग उद्यानाचा कारभारही रेगोलेकडेच आहे. आधुनिक इटालियन चित्रकलेचे मारिओ रिमोल्दी संग्रहालय व एक लोकजीवन संग्रहालयही तीच चालवते.

तळी व धबधबे : सर्वाधिक गर्दी सोरापिस तळ्याला (सुमारे १,९२५ मी.). त्रे क्रोची खिंडीतून पायी दोन तास. शेवटी कड्याला चिकटून जाणारी, दोर लावलेली अरुंद वाट. हिमनदीने दळलेले खडकाचे पीठ पाण्यात तरंगत असल्याने रंग दुधात निळे खडू विरघळवल्यासारखा दिसतो. फोटोंमुळे इतके लोक येतात, की ऑगस्टमधल्या दुपारी त्या अरुंद वाटेवर समोरासमोर गाठ पडून खोळंबा होतो. सकाळी सातच्या आत निघावे, नाहीतर फेदेरा तळ्याकडे वळावे. क्रोदा दा लागोच्या कड्याखाली ते तळे आहे आणि भोवती लार्चची झाडे. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळीचे. ऑक्टोबरात ते सोनेरी होतात आणि तळेही. उत्तरेला फानेस ओढ्याचे धबधबे आहेत. तिथे दोराच्या वाटेने पडत्या पाण्याच्या मागून जाता येते.

गाव : संत फिलिप्पो व जाकोमो यांचे चर्च अठराव्या शतकातले. त्याचा सुमारे ६६ मी. उंच घंटामनोरा १८५० च्या दशकातला आहे. लादीन बोली घराघरांत टिकून आहे. के-टू शिखरावर ३१ जुलै १९५४ रोजी प्रथम पोचलेल्या दोघांपैकी लीनो लाचेदेल्ली हा याच गावचा. १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकने कोर्तिना जगाच्या नकाशावर आले. उद्घाटनात ज्योत घेऊन बर्फावर घसरत येणारा खेळाडू दूरचित्रवाणीच्या केबलला अडखळून पडला, ज्योत मात्र विझली नाही. तेव्हाची स्की उडीची रचना त्सुएल वस्तीजवळ पुढे वापराविना उभी राहिली. फेब्रुवारी २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी घसरगाडीचा (बॉबस्ले) नवा मार्ग बांधताना लार्चची शेकडो झाडे तोडली गेली, त्यावर बरीच टीका झाली. त्सुएलची रचना डोळ्यांसमोर असताना ही टीका अनाठायी म्हणता येत नाही.

आहारात कासुंत्सिएई हा पदार्थ चुकवू नये : लाल बीटाचे सारण भरलेल्या, अर्धचंद्राकार, करंजीसारख्या दिसणाऱ्या पण उकडलेल्या पुऱ्या. वरून वितळलेले लोणी, किसलेले चीज आणि खसखस. मांस नसते, पण सांगून खात्री करून घ्यावी.

प्रवासाचा काळ : स्कीचा हिवाळी हंगाम सोडला तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्याच्या अलीकडे-पलीकडे बरेचसे रोपवे व डोंगरावरच्या धर्मशाळावजा निवाऱ्यांची दारे बंद असतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-पाऊस ठरलेला. लोखंडी दोराच्या वाटेवर तेव्हा असणे जिवावर बेतू शकते.

कालाल्त्सो–कोर्तिना–दोब्बियाको हा रेल्वेमार्ग १९२१ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि १९६४ पर्यंत बंद पडला. रूळ काढून तिथे सायकलवाट केली आहे. जुनी स्थानके व बोगदे तसेच आहेत. कोर्तिनाहून चिमाबांके या सर्वोच्च टप्प्यापर्यंत (सुमारे १,५३० मी.) संथ चढ आणि तिथून दोब्बियाकोपर्यंत उतारच उतार. मधेच प्रांत बदलतो, तो पाट्यांवरून कळतो : इटालियन नावाशेजारी जर्मन नाव येऊ लागते आणि दोब्बियाकोचे टोब्लाख होते.