सेवाशाश्वती आणि अध्यापनस्वातंत्र्य (पुणे)

प्राध्यापकाचे मत, संशोधन किंवा वर्गातले बोलणे कुणाला खुपले म्हणून त्याची नोकरी जाऊ नये, यासाठी नेमणुकीला दिलेले संरक्षण म्हणजे सेवाशाश्वती. अमेरिकेतील प्राध्यापक संघटनेने हे तत्त्व 1915 मध्ये मांडले. 1940 च्या निवेदनात परिविक्षाकाळाला, म्हणजे कायम होण्याआधीच्या पारखण्याच्या काळाला, सात वर्षांची मर्यादा घातली. पुण्यात हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. ‘सर, परमनंट झालात का?’ असे विचारतात.

शहरातला याचा जुना नमुना कायद्यातून आलेला नाही. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेतलेले आजीव सदस्यच संस्था चालवत. शिकवणारा आणि कारभार पाहणारा एकच, म्हणून वरून दटावणारे कुणी नव्हते. गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, पण त्यांची नोकरी टिकली; 1892 पासून मृत्यूपर्यंत ते प्राचार्य होते. सदस्यांत भांडणेही झाली. टिळक 1890 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. मात्र फर्ग्युसनमध्येच शिकलेल्या र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये मुंबईतील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली.

गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. 1945 पर्यंत ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, तरी बिऱ्हाड पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ये-जा करत. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेवर भर द्यावा, असे ते उघड सांगत. 1962 मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही. कारणांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एवढ्या मोठ्या माणसालाही ‘काढले’ असे कुठे लिहावे लागले नाही. करार संपला आणि विषय मिटला.

राज्यघटनेच्या 311 व्या कलमाचे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण सरकारी नोकरांना आहे. खासगी अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाला बडतर्फी किंवा सेवासमाप्तीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात ती तरतूद आहे. ‘पुक्टो’ ही प्राध्यापक संघटना अशा प्रश्नांवर लढत आली आहे.

जमावापुढे मात्र नेमणुकीचा कागद पुरत नाही. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसून पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे नाटक बंद पाडले गेले, आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना व पाच विद्यार्थ्यांना.

आज सर्वांत उघड्यावर आहेत ते तासिका तत्त्वावरचे, म्हणजे ‘सीएचबी’चे प्राध्यापक. तास संपला की वहीत विषय लिहायचा, वेळ लिहायची, सही करायची. त्या नोंदी मोजून बिल निघते. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. नवे वर्ष आले की पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, आणि समोर बहुधा तीच माणसे. जातीवर किंवा इतिहासावर विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारला, तर ‘हे पुढे पाहू’ म्हणून पान उलटावे लागते. अशा शिक्षकाला काढण्याची गरजच पडत नाही. पुढच्या वर्षी बोलावले नाही की झाले. न्यायाधिकरणापुढे ठेवायला सेवासमाप्तीचा आदेशसुद्धा त्याच्या हाती नसतो.