परसबागेतला बिनदुधाचा स्वयंपाक
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या रोपवाटिकेतून बी आणि रोपं नेणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. घरातली मुलगी किंवा सून व्हीगन झालेली असते. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप आणि मधही नाही. कुणाला डॉक्टरांनीच दूध बंद करायला सांगितलेलं असतं. मग बागेत लावायचं काय, आणि लावलेलं शिजवायचं कसं? रोपं गाडीत ठेवता ठेवता याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. यातल्या पेरणीच्या वेळा पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यातल्या हवेला धरून आहेत.

बाजारातून भाजी आणताना आपण आधी बेत ठरवतो आणि मग पिशवी उचलतो. कुंडीतलं खायचं तर क्रम उलटा ठेवावा लागतो. सकाळी गच्चीत किंवा परसात एक फेरी मारायची, काय काढायला आलंय ते बघायचं आणि मग चूल पेटवायची. घरच्या बागेत एका वेळी एकच भाजी घरादाराला पुरेल इतकी क्वचितच निघते. चार भेंड्या, दोन दोडके, अळूची पाच पानं, मूठभर माठ असाच हिशेब असतो. नव्याने बाग करणारे इथेच हिरमुसतात आणि ‘एवढ्याशा भेंड्यांचं काय करू’ म्हणून फोन करतात. आम्ही त्यांना ऋषीच्या भाजीची आठवण करून देतो.

ऋषीची भाजी

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा नेम आहे. नांगरलेल्या शेतातलं धान्य त्या दिवशी चालत नाही. परसात हाताने लावलेलं आणि आपोआप उगवलेलं तेवढं पानात येतं. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. जनावराला त्रास न देता वर्षातला एक दिवस तरी जेवावं, हा विचार आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून पाळलेला आहे. म्हणून कुणी ‘हे परदेशी खूळ’ म्हटलं की आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

या भाजीत अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, काकडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, सुरण असं जे हाताला लागेल ते जातं. सुरण आणि कणीस आधी शिजत टाकायचं, मग भोपळा, दोडका आणि पडवळ, त्यानंतर माठ आणि अळू. भेंडी शेवटी घालायची. ती चिंचेच्या कोळात दोन मिनिटं ठेवून मग घातली की तार सुटत नाही. वरून ओलं खोबरं, हिरवी मिरची, मीठ. फोडणी नाही, मसाला नाही. काही घरांत यात तूप किंवा आंबट ताक घालतात. त्याच्या जागी चिंच थोडी वाढवावी आणि खोबरं सढळ हाताने घालावं. काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. ही भाजी वर्षातून एकदाच करायची असं कुठे आहे? पावसाळाभर दर आठ-दहा दिवसांनी बागेत जे थोडंथोडं निघेल त्याची अशीच भाजी करत जा.

अळू

पावसाळ्यात आमच्याकडून सगळ्यात जास्त जातात ते अळूचे कंद. काळ्या देठाचं अळू वडीचं, हिरव्या देठाचं भाजीचं. दोन्ही टबात छान येतात. पाण्याचा टाकाऊ पिंप कापून घेतलात तरी चालतो. सावली चालते, पण पाणी तुटू द्यायचं नाही. एका कंदावर एका वेळी चार-पाच पानं काढण्याजोगी असतात. चौघांच्या पातळ भाजीला दहा-बारा पानं लागतात. म्हणून कंद एकच नेऊ नका, निदान तीन न्या.

अळू खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. ते घशाला टोचतात. चिरताना हाताला तेल लावा, देठ सोलून घ्या, अळू पुरतं शिजवा आणि आंबट घालायला विसरू नका. एका पावसाळ्यात आमच्या घरी चिंच संपलेली होती. एका दिवसाने काय होतंय म्हणून तशीच भाजी केली आणि संध्याकाळपर्यंत सगळे घसा खाकरत होते. तेव्हापासून अळूशेजारी चुक्याचा वाफा असतोच. अळू आणि चुका एकत्र चिरले की भाजीला दाटपणा येतो आणि चिंचही कमी लागते.

दहा-बारा पानं देठांसकट, चुक्याची एक जुडी, भिजवलेली दोन चमचे हरभरा डाळ आणि मूठभर शेंगदाणे कुकरला तीन शिट्ट्या होईपर्यंत शिजवा. डाळ-दाणे वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे अळू घोटताना ते मोडत नाहीत. अळू रवीने घोटताना चमचाभर बेसन लावा. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, चार मेथीदाणे, हळद. मेथीदाणे लालसर झाले की लगेच घोटलेलं अळू ओता, कारण करपले तर सगळी भाजी कडू होते. मग डाळ-दाणे, खोबऱ्याचे काप, गूळ, चिंच, गोडा मसाला आणि मीठ घालून पाच मिनिटं रटरटू द्या. लग्नाच्या पंगतीतली ही भाजी आहे. तिच्यात दुधाचा थेंबही नसतो, हे सांगितल्यावर लोकांच्या लक्षात येतं.

दूध, दही, तूप यांच्या जागी काय?

आधी बघायचं की त्या पदार्थात दूध, दही किंवा तूप नेमकं कशासाठी आहे. आंबटपणासाठी असेल तर चिंच, आमसूल, लिंबू, कैरी, चुका, अंबाडी, टोमॅटो यांपैकी काही ना काही बागेत किंवा डब्यात असतंच. दाटपणासाठी असेल तर दाण्याचं कूट, तिळाचं कूट, बेसन. स्निग्धतेसाठी असेल तर घाण्याचं तेल किंवा खोबरं. एवढं कळलं की तयार महागडे पर्याय विकत आणावे लागत नाहीत. पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र फक्त शाकाहारी पदार्थ आहे एवढंच सांगतो, त्यात दूध असू शकतं. बिस्किटं, तयार मसाले, सूप यांच्या घटकांची यादी वाचूनच घ्या.

नारळाचं दूध काढताना एका नारळाचा चव कोमट पाण्यात वाटून पिळा. पहिलं दाट दूध बाजूला ठेवा. त्याच चवात पुन्हा पाणी घालून निघालेल्या पातळ दुधात भाजी शिजवा आणि दाट दूध अगदी शेवटी, गॅस बंद करून घाला. ते उकळलं तर फाटतं. सोलकढी तर मुळात याच दुधाची. पुरणपोळीवर तुपाऐवजी गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध घेऊन बघा.

दह्याचं तसं सोपं नव्हतं. बरेच दिवस खटपट केल्यावर शेंगदाण्याचं दही आम्हाला जमलं, आणि त्याचं विरजण मिरचीच्या झाडावरच मिळतं. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढा. तीन वाट्या पाणी घालून गंधासारखं वाटा, फडक्यातून गाळा. हे दूध मंद आचेवर सारखं ढवळत उकळा. तळाला लागतं, तेव्हा शेजारून हलू नका. करंगळी सोसेल इतकं कोमट झालं की त्यात पाच-सहा ताज्या हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवून उबेला ठेवा. देठावरचे जिवाणू दूध आंबवतात. म्हणूनच मिरची फवारणी न केलेली, आपल्या कुंडीतलीच हवी. दहा-बारा तासांनी देठ काढून टाका. पहिलं दही सैलसर होतं आणि त्याला दाण्याचा वास येतो. ते चमचाभर बाजूला काढून पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरा. दुसऱ्या खेपेला बरंच घट्ट लागतं. गुलाबी किंवा काळी छटा दिसली तर मोह न धरता टाकून द्यावं. फडक्यात उरलेला चोथा थालीपिठात जिरतो.

हिवाळ्यातला चाकवत ताकातला करायची पद्धत आहे. तो या दाण्याच्या ताकात सुरेख होतो. बेसन आधी गार ताकात कालवून घ्या आणि भाजी मंद आचेवरच ठेवा. लसणाची फोडणी मात्र वरून, जेवायला बसताना.

थंडीतला वाफा

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, पावटा आणि वांगी लावा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. पालक महिन्याभरात, आणि मुळासकट न उपटता कापत गेलात तर तीन-चार वेळा येतो. धणे पेरण्याआधी हलकेच रगडून दोन भाग करा. मुळ्याचा पाला फेकून देणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे, तो मुगाच्या डाळीत घालून बघाच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हीसुद्धा ऋषीच्या भाजीसारखीच, थोड्याथोडक्याची. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, बोरं, शेंगदाणे आणि तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. भाकरीवरच्या लोण्याच्या जागी कारळ्याची किंवा जवसाची चटणी तेल घालून घ्या. ताज्या लसणीच्या पातीचा ठेचा असेल तर लोण्याची आठवणही होत नाही.

उन्हाळा

उन्हाळ्यात बाग थकते आणि आपणही. गवार, दुधी, तांदुळजा, पुदिना एवढं टिकलं तरी पुष्कळ. दुपारी कुंड्यांवर सावली करा. शेजारच्या आंब्याची कैरी मिळाली तर चैत्रातली आंबेडाळ आणि पन्हं. शेवग्याच्या शेंगांची आमटी तर या दिवसांत दिवसाआड होते.

खताबद्दल

काही ग्राहक संकोचाने विचारतात की शेणखत टाळून भाजी येईल का? येते. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून केलेलं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड यांवर आमचा एक पूर्ण वाफा चालतो. कंपोस्टला साधारण तीन महिने लागतात, म्हणून ते आधीपासून घालून ठेवा. पालेभाज्यांना एवढं पुरतं. वांगी, टोमॅटोसारख्या खादाड झाडांना दर तीन आठवड्यांनी शेंगदाणा पेंड भिजवून, पाणी घालून पातळ करून द्यावी लागते. शेणखताचं झाड थोडं लवकर अंग धरतं, हेही खरं आहे. काय वापरायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही दोन्ही ठेवतो.

तब्येतीचं

एक गोष्ट आम्ही प्रत्येकाला सांगतो, आणि यात कसूर करू नका. बी-१२ हे जीवनसत्त्व बागेतल्या कुठल्याही भाजीतून भरवशाने मिळत नाही. दूध, अंडी, मासे सगळंच बंद असेल तर डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावीच लागते. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्या बाबतीत तर आधी डॉक्टर आणि मग आमची बाग. कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम), न सोललेले तीळ आणि शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात असू द्या. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून पानात लिंबाची फोड हवी, आणि जेवणावर लगेच चहा नको.

या हंगामासाठी

ऋषिपंचमी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येते. पडवळ आणि दोडक्याला दोन महिने लागतात, भेंडी आणि काकडीला दीड, लाल माठाला महिनाभर. म्हणजे वेल जूनमध्ये मांडवाखाली लागले पाहिजेत, भेंडी त्यानंतर पंधरा दिवसांनी, आणि माठ श्रावण लागल्यावर. लाल भोपळ्याला तीन महिने आणि भरपूर जागा लागते आणि सुरण तयार व्हायला सात-आठ महिने जातात, म्हणून जागा कमी असेल तर ते दोन्ही बाजारातून आणा. बाकी सगळ्यांचं बी आणि अळूचे कंद मेअखेरीस आमच्याकडे आलेले असतात. येताना गच्चीवर ऊन किती तास असतं ते बघून या, म्हणजे कुठला वेल द्यायचा ते सांगता येईल.