उघड्या मुळावर हिरडी कशी रुजते?

थंड पाण्याचा घोट घेताच एकाच दातात सणकन कळ जाते. दात किडला असेल म्हणून आरशात पाहावं, तर कीड कुठेच नसते. फक्त तो दात शेजारच्यांपेक्षा लांब दिसतो. खरं तर दात होता तेवढाच असतो, हिरडी मुळाकडे सरकलेली असते. उघड्या पडलेल्या मुळावर इनॅमलचं कवच नसतं. त्यावरचा सिमेंटमचा पातळ थर ब्रशने झिजून जातो आणि खालच्या डेंटिनमधल्या, म्हणजे दाताच्या मुख्य कठीण भागातल्या, सूक्ष्म नळ्यांमधून थंडपणा थेट आतल्या नसेला जाणवतो.

मागे गेलेली हिरडी चोळून किंवा तेल लावून परत येत नाही. खास टूथपेस्टने सणक कमी होते, मूळ मात्र उघडंच राहतं. म्हणून मूळ झाकण्याची शस्त्रक्रिया लगेच करावी असंही नाही. जोर लावून ब्रश करण्याची सवय, हिरड्यांचा आजार, ओठाच्या आतल्या पडद्याची ओढ यांपैकी जे कारण असेल ते आधी दूर करायला हवं. ते तसंच राहिलं, तर शिवलेली हिरडीही पुन्हा सरकेल.

शस्त्रक्रियेपुढचा खरा प्रश्न रक्ताचा असतो. हाताच्या जखमेवर त्वचा लावली तर तिला खालून रक्त मिळतं. दाताच्या मुळाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्याच नसतात. तिथे ठेवलेला हिरडीचा किंवा दुसरीकडून आणलेल्या ऊतीचा तुकडा पहिले एक-दोन दिवस आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. तोवर कडेने नव्या केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) त्यात शिरू लागल्या तर तो जगतो, नाहीतर मरतो. उघडा भाग जितका रुंद, तितकं हे अवघड.

यावर सुचलेला साधा उपाय म्हणजे हिरडी कापून वेगळी न करता नुसती सरकवायची. १९५६ मध्ये ग्रुप (Grupe) आणि वॉरन या दंतवैद्यांनी शेजारच्या दाताची हिरडी बाजूने ओढून उघड्या मुळावर आणण्याची पद्धत मांडली. एक टोक जोडलेलंच असल्यामुळे रक्तपुरवठा चालू राहतो. त्याच दाताची हिरडी सैल करून दाताच्या माथ्याकडे ओढण्याची पद्धतही आहे, पण त्यासाठी ती मुळात पुरेशी जाड हवी.

पातळ हिरडीसाठी टाळूकडे वळावं लागतं. १९६० च्या दशकात टाळूच्या वरच्या थराचा तुकडा काढून हिरडीवर शिवू लागले. त्यातून पट्टी घट्ट, टिकाऊ मिळते, पण रंग फिका, ठिगळासारखा दिसतो आणि टाळूवर उघडी जखम राहते. खालच्या पुढच्या दातांपाशी, जिथे दिसण्यापेक्षा मजबुती महत्त्वाची, तिथे ती आजही वापरतात.

१९८५ मध्ये लँगर आणि लँगर यांनी मांडलेली पद्धत मला सगळ्यात सुंदर वाटते. टाळूची वरची त्वचा तशीच ठेवून खालची संयोजी ऊती (त्वचेला आधार देणारा तंतुमय थर) तेवढी काढायची आणि ती उचललेल्या हिरडीच्या आत, मुळावर ठेवायची. तिला वरून हिरडीचं आणि कडेच्या ऊतींचं असं दोन्हीकडून रक्त मिळतं, रंगही जुळतो. याच्या दहा वर्षं आधी, १९७५ मध्ये, कॅरिंग, लँग आणि लो यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की वर कोणत्या प्रकारची त्वचा तयार होणार हे खालची संयोजी ऊती ठरवते. हिरडीची ऊती गालाकडच्या मऊ, हलत्या अस्तराखाली लावली, तरी वर हिरडीसारखीच कणखर त्वचा आली. टाळूची ऊती इतकी उपयोगी का पडते, ते यातून उमगतं.

टाळूवर जखम नको असेल तर दान केलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी काढून टाकल्यावर उरणारी जाळी किंवा डुकराच्या कोलॅजेनची (तंतुमय प्रथिनाची) पट्टी वापरता येते. जाडी मात्र स्वतःच्या ऊतीइतकी सहसा मिळत नाही. दोन दातांमधला हिरडीचा शेंडा न कापता आतून बोगदा करून ऊती सरकवण्याची पद्धतही आता रूढ आहे.

मूळ किती झाकलं जाईल, हे मात्र पद्धतीइतकंच दोन दातांमधल्या हाडावर आणि हिरडीवर अवलंबून असतं. सरकवलेल्या हिरडीला आधार आणि रक्त तिथूनच मिळतं. सरकलेल्या हिरडीचे प्रकार ठरवणारं १९८५ चं मिलर यांचं आणि २०११ चं कैरो यांचं वर्गीकरण याच निकषावर उभं आहे. तिथलं हाड शाबूत असेल तर पूर्ण मूळ झाकण्याची आशा रास्त. ते बरंच झिजलं असेल तर कितीही कुशल हात असले तरी थोडाच भाग झाकला जातो. डॉक्टरांना हे आधी स्पष्ट विचाराच.

शस्त्रक्रियेनंतरचे सुमारे दोन आठवडे त्या जागी ब्रश लावायचा नसतो. औषधी द्रवाने चूळ भरायची. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ते पूर्ण बंद. आणि कितीही उत्सुकता वाटली तरी ओठ उचलून टाके पाहू नका; त्या ओढीने तुकडा हलतो आणि नुकत्याच शिरलेल्या केशवाहिन्या तुटतात. जम बसला की काही रुग्णांमध्ये पुढच्या वर्षभरात हिरडी आपणहून आणखी थोडी, कधी १ मिलिमीटरपर्यंत, माथ्याकडे सरकत येते.