टाळी आवाजाच्या आधी पडते

‘दुःखाशिवाय चांगलं गाणं सुचत नाही’ असं लोक कौतुकानं म्हणतात. मला हा समज घातक वाटतो. खऱ्या नैराश्यात माणसाला अंथरुणातून उठणंही जड जातं. एखादी ओळ सुचली, तरी ‘हे काय लिहिलंय’ म्हणत तोच ती खोडून टाकतो. मनात त्याच त्या विचारांचं रवंथ चालू असतं. मग अशा माणसानं कुणाच्या तरी सोबतीनं गाणं रचायला घेतलं, की काय बदलतं?

घड्याळाच्या टिकटिकीवर बोटानं ठेका धरून बघा. टिक ऐकून मग बोट हलवायचं, तर निदान 150 मिलिसेकंद उशीर व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेकांचं बोट टिकच्या 20 ते 80 मिलिसेकंद आधीच टेकतं! म्हणजे पुढचा ठोका कधी येणार, याचं भाकीत मेंदूनं आधीच केलेलं असतं. भाकीत चुकलं, तर त्या चुकीतला काही हिस्सा तो पुढच्याच ठोक्यात भरून काढतो. चूक इतकी बारीक असली की आपल्याला जाणवणारही नाही, तरीही.

आता घड्याळाच्या जागी माणूस बसवा. 2010 साली डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघादोघांना एकमेकांचे ठोके ऐकवत ठेका धरायला लावला. पुढारी कुणीच निघाला नाही. एकाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की त्याच वेळी दुसऱ्याचं घटे, आणि पुढच्या ठोक्याला नेमकं उलट होई. दोघंही प्रत्येक ठोक्याला एकमेकांची चूक सांभाळून घेत होते. मला यातच मर्म दिसतं: समोरच्याचा पुढचा ठोका ओळखायचा, तर लक्ष स्वतःवरून उठवावंच लागतं.

शब्दांचं काम वेगळं. 2007 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या भागाची, चळवळ कमी होते. सोबत बसलेला गीतकार ‘नक्की काय वाटलं?’ असं विचारतो, तेव्हा तो असंच नाव शोधायला लावत असतो.

पण ‘अमुक राग ऐका, 432 हर्ट्झचा सूर लावा, डिप्रेशन पळेल’ हे निव्वळ थोतांड आहे. गोळ्या आणि समुपदेशन सोडून गाण्याच्या भरवशावर राहू नका.

फिनलंडमध्ये नैराश्याच्या 79 रुग्णांवर झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळत होते. त्यांतल्या 33 जणांना शिवाय वादनाची 20 सत्रं दिली. तीन महिन्यांनी त्यांची लक्षणं इतरांपेक्षा जास्त उतरली होती. सहा महिन्यांनी मात्र हा फरक ठळक राहिला नव्हता. रुग्ण आणि उपचारक समोरासमोर, एकाच प्रकारची वाद्यं घेऊन बसत आणि सुचेल ते वाजवत. रुग्णाला आधीपासून वाजवता यायला हवं, अशी अट नव्हती.