पाळीव पोपटांचा आहार

सिट्टॅसिफॉर्मिस या पोपटांच्या गणातील पक्षी पाळताना त्यांना द्यावयाच्या अन्नाची निवड, त्याचे प्रमाण व ते देण्याच्या पद्धती यांचा विचार येथे केला आहे. या गणात सुमारे ४०० जाती असून बजरीगर, कॉकॅटील, लव्हबर्ड, करडा आफ्रिकन पोपट, ॲमेझॉन पोपट, मकाव, काकाकुवा आणि लोरी हे पक्षी प्रामुख्याने पाळले जातात. त्यांची मूळ वसतिस्थाने कोरड्या गवताळ माळांपासून घनदाट वर्षावनांपर्यंत पसरलेली असल्याने सर्व पोपटांना लागू पडेल असा एकच आहार सांगता येत नाही. ताजी फळे हे पोपटाचे मुख्य अन्न होय, ही सर्वत्र रूढ असलेली समजूतही पुढे दिलेल्या कारणांमुळे जपूनच स्वीकारावी लागते.

नैसर्गिक आहार व पचनसंस्था : रानातील बहुतेक पोपट फळे खातात ती मुख्यतः बियांसाठी. गर कुरतडून टाकून आतील बी फोडणे, तसेच फळ पिकण्यापूर्वीच ते तोडून कोवळी बी खाणे, हे वर्तन अनेक जातींत नोंदले गेले आहे. म्हणूनच पक्षिशास्त्रज्ञ पोपटांची गणना बीजप्रसार करणाऱ्या पक्ष्यांपेक्षा बीजभक्षकांत अधिक करतात. बियांशिवाय कळ्या, फुले, मोहोर, कोवळी पाने, साल व काही प्रमाणात कीटक हेही त्यांच्या खाण्यात असतात. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील पक्षी जवळजवळ केवळ गवताच्या बियांवर जगतो, नीलवर्णी हायसिंथ मकाव ताडवर्गीय झाडांची कठीण फळे फोडतो, तर लोरी फुलांतील मकरंद व परागकण खातात आणि त्यांच्या जिभेच्या टोकाला त्यासाठी कुंचल्यासारखे तंतू असतात.

पोपटाची वरची चोच कवटीशी बिजागरीप्रमाणे जोडलेली असते. मांसल जिभेने बी फिरवत खालच्या चोचीच्या धारेवर टरफल चिरायचे, ते बाहेर टाकायचे आणि फक्त गर गिळायचा, अशी त्याची रीत आहे. गिळलेले अन्न अन्नपुटात साठते व तेथून ग्रंथिल जठरात आणि पुढे पेषणीत (अन्न दळणाऱ्या स्नायुमय जठरात) जाते. टरफल आधीच निघालेले असल्याने पेषणीत दळण्याचे काम कोंबडी किंवा कबुतर यांच्या मानाने कमी राहते. पक्ष्याला बारीक खडे द्यावेत की नाही, या पुढे दिलेल्या वादात ही बाब महत्त्वाची ठरते.

ऐतिहासिक माहिती : पोपट पाळण्याची प्रथा प्राचीन असली, तरी त्यांना काय खाऊ घालत याविषयीचे जुने उल्लेख त्रोटक आहेत. इ. स. पू. सुमारे ४०० च्या सुमारास लिहिणाऱ्या टीसियस या ग्रीक लेखकाने भारतातील एका बोलक्या पक्ष्याचे वर्णन केले होते. त्याचा ग्रंथ नवव्या शतकातील सारांशरूपानेच उपलब्ध असून त्यात पक्ष्याचे रंग व बोलणे यांची माहिती आहे, आहाराची नाही. वर्णनावरून तो बहुधा तोता अर्थात जांभळ्या डोक्याचा पोपट असावा. रोमन लेखक प्लिनी (इ. स. पहिले शतक) पोपट मद्य पाजल्यावर विशेष खोडकर होतो असे नमूद करतो; मद्य पोपटांना घातक असल्याने हा उल्लेख पथ्य म्हणून नव्हे, तर तत्कालीन रिवाजाचा पुरावा म्हणून वाचावा. बजरीगर १८४० मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये नेला आणि तो कोरड्या धान्यावर सहज तगला. या अनुभवामुळेच धान्याची वाटी हे सर्वच पोपटांचे पुरेसे खाद्य मानले गेले असावे. निदान कालक्रम तरी या तर्काशी जुळतो.

धान्याहाराच्या उणिवा : राळे, बाजरी यांसारख्या बारीक धान्यांत पिष्टमय पदार्थ अधिक असतात, तर सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. मिश्र धान्यात पोपट नेमक्या तेलबियाच निवडून खातो, त्यामुळे पाकिटातील मिश्रण कितीही समतोल असले तरी त्याच्या पोटात जाणारा आहार तसा राहत नाही. दिवसभर पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्यात याचा परिणाम लठ्ठपणा, यकृतात मेद साचणे व धमनीकाठिण्य या विकारांत दिसतो. ॲमेझॉन पोपट व बजरीगर यांत लठ्ठपणा विशेष आढळतो, आणि बजरीगरांत निव्वळ धान्याहारामुळे आयोडिनाच्या अभावी अवटू (थायरॉइड) ग्रंथीही सुजते.

कॅल्शियमाची उणीव अधिक गंभीर आहे. सूर्यफुलाच्या बियांत फॉस्फरस कॅल्शियमाच्या सुमारे आठपट असतो, वास्तविक पक्ष्याला कॅल्शियम फॉस्फरसाहून अधिक हवे असते. करड्या आफ्रिकन पोपटांत रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरून झटके येतात, असे पशुवैद्यकात फार पूर्वीपासून नोंदले गेले आहे. केवळ कॅल्शियम देऊनही भागत नाही, कारण ते शोषले जाण्यास ड-जीवनसत्त्व लागते. पक्ष्यांना वनस्पतिजन्य ड-२ पेक्षा ड-३ कितीतरी अधिक उपयोगी पडते, आणि ते त्वचेत तयार होण्यास अतिनील-बी किरण लागतात. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, त्यामुळे काचेआड मिळणारे ऊन या दृष्टीने निरुपयोगी ठरते. पिंजऱ्यात टांगला जाणारा समुद्रफेस (कटलफिश या सागरी प्राण्याचे सच्छिद्र कवच) हा कॅल्शियमाचा सोयीचा पुरवठा होय. मात्र काही पक्षी तो केवळ कुरतडून खाली टाकतात, हे लक्षात घ्यावे.

अ-जीवनसत्त्वाचा प्रश्न : धान्यावर पोसलेल्या पोपटांतील सर्वपरिचित न्यूनताजन्य विकार म्हणून अ-जीवनसत्त्वाच्या अभावाचा उल्लेख बहुतेक पाठ्यपुस्तकांत येतो. या अभावामुळे तोंड, नाक व श्वसनमार्ग यांच्या अस्तरातील श्लेष्मल पेशींची जागा कोरड्या, शृंगमय पेशी घेतात. टाळूच्या फटीकडेची बारीक टोके बोथट होतात, जिभेखाली पांढरट गाठी येतात आणि संसर्गाला वाट मिळते. सूर्यफूल आणि राळे यांत या जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असलेले कॅरोटीन नगण्य असते, त्यामुळे हे निदान तर्कसंगत आहे. त्यावर उपाय म्हणून पाण्यात किंवा खाद्यात जीवनसत्त्वाची पूड मिसळण्याची प्रथा पडली.

या प्रथेविषयी शंका निर्माण झाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधनामुळे. कौट्सोस, क्लासिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढ कॉकॅटील पक्ष्यांना अ-जीवनसत्त्वाच्या निरनिराळ्या मात्रा दीर्घकाळ देण्यात आल्या. जीवनसत्त्व वगळलेल्या गटापेक्षा अधिक मात्रा मिळालेल्या गटांत विकृती ठळक आढळल्या व पक्ष्यांच्या आवाजातही फरक पडला. प्रौढ, पिले न वाढवणाऱ्या पक्ष्यात यकृतातील साठा बराच काळ पुरतो, असा याचा अर्थ लावला जातो. याउलट प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या पशुवैद्यांचे म्हणणे असे, की दवाखान्यात येणारा पोपट वर्षानुवर्षे केवळ बियांवर जगलेला असतो आणि त्याची तुलना प्रयोगातील सुदृढ पक्ष्याशी करता येत नाही. दोन्ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांतून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष एकच आहे. कॅरोटिनाचे जीवनसत्त्वात रूपांतर शरीर गरजेपुरतेच करते, म्हणून तयार जीवनसत्त्वाच्या पुडीपेक्षा कॅरोटीनयुक्त भाज्या अधिक सुरक्षित ठरतात. १०० ग्रॅम गाजरात किंवा केशरी गराच्या रताळ्यात सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते, तर सफरचंदात ते जवळजवळ नसतेच.

क-जीवनसत्त्वाची स्थिती वेगळी आहे. पोपट ते स्वतःच्या शरीरात तयार करतात, त्यामुळे केवळ त्यासाठी आंबट फळे देण्याची गरज नसते.

गोळीखाद्य : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत धान्य, कडधान्य, खनिजे व जीवनसत्त्वे एकत्र दळून केलेले गोळीखाद्य प्रचारात आले. प्रत्येक गोळीचा घटक सारखाच असल्याने पक्ष्याला त्यात निवड करता येत नाही, हा त्याचा मुख्य गुण. पोपटांच्या पोषणगरजांचे आकडे मात्र बऱ्याच अंशी कोंबड्यांवरील संशोधनातून घेतलेले आहेत. थेट प्रयोग झाले ते मुख्यतः कॉकॅटील व बजरीगर यांवर. कॉकॅटीलच्या वाढत्या पिलांना आहारात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात, हे १९८६ मध्ये दाखवून देण्यात आले. मकाव किंवा काकाकुवा यांच्यासाठी असे आकडे अनुमानानेच वापरले जातात. म्हणून बहुतेक पशुवैद्य गोळीखाद्य आहाराच्या निम्म्याहून थोडे अधिक ठेवून उरलेला भाग भाज्या, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि थोडी फळे यांनी भरण्याचा सल्ला देतात. लोरींना हे प्रमाण लागू नाही.

ताजी फळे : माणसाने पिकवलेली फळे रानफळांच्या मानाने अधिक गोड, अधिक रसाळ आणि कमी चोथ्याची असतात. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असून प्रथिने व कॅल्शियम अत्यल्प असते. या कारणास्तव फळांचा वाटा एकूण आहाराच्या दशांशाच्या आसपास राहावा असे मानले जाते. पपई, आंबा व खरबूज यांत कॅरोटीन असल्याने द्राक्षे व केळी यांच्यापेक्षा ती पसंत करावीत. पेरू व डाळिंब यांचा विशेष असा, की त्यांत गराबरोबर बियाही मिळतात. डाळिंबाची फोड पायात धरून पोपट एकेक दाणा चोचीने उचकटतो, जिभेवर दाबून रस पितो आणि आतली बी सावकाश फोडत बसतो. यात त्याचा बराच वेळ जातो व बहुतेकदा फोड धरणारा पाय डावा असतो.

फळे खाल्ल्यावर विष्ठेत होणारा बदल पाळणाऱ्यांना घाबरवतो. पोपटाच्या विष्ठेत हिरवट मल, पांढरे यूरेट (यूरिक आम्लाचे क्षार) व पातळ मूत्र असे तीन भाग असतात. रसाळ फळांनंतर त्यांपैकी मूत्राचा भागच वाढतो. मल बांधलेला असेल तर हा जुलाब नव्हे. बीट किंवा गडद रंगाची फळे खाल्ल्यास मलही तांबडा दिसतो. कापलेली फळे पिंजऱ्यात दोन-तीन तासांहून अधिक ठेवू नयेत, उष्ण हवेत त्याहूनही कमी.

मिरची पोपट आवडीने खातो, याचे कारण त्याच्या मज्जातंतूंवरील तिखट ओळखणारा ग्राहक (संवेदना टिपणारे प्रथिन) मिरचीतील कॅप्सायसिन या तिखट द्रव्याला प्रतिसाद देत नाही. मिरची त्याला तिखट लागतच नाही, आणि लाल मिरचीत कॅरोटीन भरपूर असते.

वर्ज्य पदार्थ : ॲव्होकाडोतील पर्सिन हे द्रव्य पक्ष्यांच्या हृदयस्नायूला इजा करते व दोन दिवसांच्या आत मृत्यू ओढवू शकतो. चॉकलेट, कॉफी, चहा, मद्य, कांदा, लसूण व खारवलेले पदार्थ देऊ नयेत. सफरचंद, जर्दाळू, पीच यांच्या बियांतून सायनाइड मुक्त होत असल्याने त्या काढून टाकाव्यात. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते. पक्षी दूध पाजून पिले वाढवणाऱ्यांपैकी नसल्याने दुधातील शर्करा पचवणे त्यांना जड जाते. दुधात भिजवलेला पाव हे एके काळी रुळलेले खाद्य त्यामुळे मागे पडले.

खडे व माती : पिंजऱ्यात बारीक खडे ठेवावेत की नाही, याविषयी जुन्या व नव्या ग्रंथांत मतभेद आहेत. कोंबडी पेषणीत दाणे दळण्यासाठी खडे गिळते, त्या धर्तीवर जुने लेखक ते आवश्यक मानतात. पोपट टरफल काढून खातो, म्हणून ते अनावश्यक आहेत आणि आजारी पक्षी ते अति खाऊन आतडे तुंबवून घेतो, हा नवा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

खड्यांच्या समर्थनार्थ रानपोपटांच्या मृत्तिकाभक्षणाचा दाखला दिला जातो, पण तो येथे गैरलागू आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या आग्नेय भागातील मानू व तांबोपाता या नद्यांच्या दरडींवर मकाव व इतर पोपट शेकड्यांनी जमून माती खातात. ही माती अतिशय बारीक असते, म्हणजे दळण्यासाठी तिचा उपयोग नाही. गिलार्डी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे मांडले, की कच्च्या फळांतील व बियांतील विषारी अल्कलॉइडे मातीचे कण धरून ठेवतात. माती दिलेल्या ॲमेझॉन पोपटांच्या रक्तात क्विनिडीन हे अल्कलॉइड कमी उतरल्याचे त्यांनी दाखवले. डोनाल्ड ब्राइटस्मिथ यांनी पुढील दशकात केलेल्या अभ्यासांनुसार पक्षी जे थर निवडतात त्यांत सोडियम अधिक असते. समुद्रापासून दूर असलेल्या पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यात सोडियम दुर्मिळ आहे व अशा दरडी तेथेच एकवटलेल्या आहेत, या भौगोलिक पुराव्यामुळे सोडियमाची उपपत्ती सध्या वरचढ ठरते, जरी विषशोषणाची उपपत्ती त्यामुळे खोटी पडत नाही. मिठाची वानवा नसलेल्या घरातील पोपटाला माती देण्याचे कारण दोन्हींतून निघत नाही.

अन्नशोध व आहारबदल : रानात दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात घालवणारा पक्षी भरलेल्या वाटीतून थोड्या वेळात पोट भरतो, आणि उरलेल्या वेळात स्वतःची पिसे उपटू लागतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲमेझॉन पोपटांवरील प्रयोगात अन्न मिळवण्यासाठी खटपट करावी लागणाऱ्या पक्ष्यांत पिसे उपटण्याचे प्रमाण कमी आढळले. भाज्या चिरून वाटीत देण्याऐवजी पानांची जुडी टांगणे किंवा कणीस सालीसकट देणे याच तत्त्वावर आधारलेले आहे.

धान्याला सरावलेला पोपट नवे अन्न सहजासहजी ओळखत नाही. त्याला उपाशी ठेवून बदल घडवू नये; ३० ते ४० ग्रॅम वजनाच्या बजरीगराला एका दिवसाचा उपवासही महागात पडतो. सकाळी भाज्या व गोळीखाद्य द्यावे, संध्याकाळी मोजके धान्य द्यावे आणि दर आठवड्याला त्याचे प्रमाण घटवावे, अशी पद्धत प्रचलित आहे. या काळात ग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर रोज वजन घ्यावे व ते दहा टक्क्यांनी घटल्यास जुने खाद्य पुन्हा सुरू करावे. वाटीकडे पाहून मात्र अंदाज बांधता येत नाही, कारण पोपटाने सोलून टाकलेली टरफले वाटीतच साचतात आणि ती वरून भरलेली दिसते. फुंकर मारली म्हणजे खाली दाणे किती उरले ते कळते.