मेडिक्लेमची पावती आणतानाचा हिशोब (आर्थिक वर्ष २०२५-२६)

रिटर्नचे दिवस आले की आमच्या टेबलावर आधी येते ती मेडिक्लेमची पावती. "एवढे भरलेत, टॅक्स किती वाचेल?" यावर आमचा उलट प्रश्न असतो: जुनी करप्रणाली की नवी? नव्या प्रणालीत ८०डीची, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्याची, वजावट नाही, आणि तुम्ही काही निवडलं नाहीत तर नवीच धरली जाते. पगारदाराचं उत्पन्न १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल तर नवीत पगारावर तसाही कर लागत नाही. अशांनी पावती घरीच जपून ठेवावी.

गृहकर्ज, घरभाडं, पीएफ यांमुळे ज्यांना जुनी परवडते, त्यांच्यासाठी पुढचं.

स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं मिळून २५,००० रुपयांपर्यंत वजावट. आईवडिलांचे वेगळे २५,०००, त्यांच्यापैकी कुणी साठीच्या पुढे असेल तर ५०,०००. ते तुमच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असं नाही. सासूसासरे मात्र यात बसत नाहीत. त्यांचा हप्ता बायकोने स्वतःच्या खात्यातून भरावा आणि स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवावा.

आता आकडे. तुमचा हप्ता २२,०००, वडिलांचं वय ६८ आणि आईवडिलांचा हप्ता ४६,०००. तुमच्या रक्ततपासण्यांचे झाले ४,०००. तपासणीची रक्कम मर्यादेच्या आतच मोजतात, त्यामुळे तुमच्या बाजूला त्यातले ३,०००च बसतात. पण त्याच लॅबमध्ये आईच्या तपासण्यांचे २,००० दिले असतील, तर ते आईवडिलांच्या बाजूला सुखाने बसतात. तपासण्यांची एकूण मर्यादा ५,०००, म्हणून हेही जमून येतं. एकूण वजावट ७३,०००. वीस टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, साधारण १५,२०० रुपये वाचले.

तपासणीचे पैसे रोख दिले तरी चालतात. हप्ता रोख दिलात तर वजावट गेली, पावतीवर शिक्का असला तरीही. एजंट ओळखीचा, घरी येऊन पैसे नेतो, ही सोय इथे महाग पडते.

वडिलांनी हप्ता पेन्शनच्या खात्यातून भरला असेल तर मुलाला वजावट नाही; ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याची वजावट. दोघा भावांनी वाटून भरले असतील तर ज्याने जेवढे भरले तेवढे त्याचे. दोन वर्षांचा हप्ता एकदम भरलात तर वजावट दोन्ही वर्षांत समान विभागून मिळते.

साठीच्या पुढच्या आईवडिलांचा विमाच नाही? मग त्यांच्या औषधांचा, डॉक्टरांचा, दवाखान्याचा खर्च ५०,००० पर्यंत दाखवता येतो. हे फार कमी लोक सांगतात. अट एकच, पैसे रोखीत नकोत. मेडिकलवाल्याला यूपीआय करा आणि आई किंवा वडिलांच्या नावाचं बिल मागून घ्या.

दुकानदार आणि छोट्या उद्योजकांसाठी

नोकरांसाठी काढलेल्या गटविम्याचा हप्ता, रोखीत नसेल तर, धंद्याचा खर्च म्हणून मिळतो, प्रणाली कुठलीही असो. मालकाचा स्वतःचा आणि कुटुंबाचा हप्ता मात्र धंद्याचा खर्च नाही. दुकानाच्या खात्यातून भरलात तर आम्ही ती तुमची उचल धरतो. जुन्या प्रणालीत त्याचं ८०डी मिळतं. ४४एडीखाली, म्हणजे उलाढालीच्या सहा-आठ टक्के ठोक नफा दाखवणाऱ्यांना गटविम्याचा खर्च वेगळा मिळत नाही, तो त्या टक्क्यांतच धरलेला असतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. गटविम्यावर तो आहेच. कायद्याने विमा देणं बंधनकारक नसेल तर त्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करणं) घेऊ नका. नंतर व्याजासकट उलटवावं लागतं.

धंदा असलेल्यांना जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. पुढे एकदा नवीत परतलात की धंदा आहे तोवर पुन्हा जुनी नाही. त्यामुळे एका वर्षाच्या पावतीवर हा निर्णय घेऊ नका, आधी आमच्याशी बोला.

आम्हाला पाठवताना पावतीचा तिरका फोटो नको. विमा कंपनीच्या साइटवरून ८०डीचं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये उतरवून घ्या. कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक रिटर्नमध्ये भरावा लागतो. सोबत ज्या खात्यातून हप्ता गेला त्याच्या पासबुकातली ती ओळ पाठवा.