गड्ड्यातली विहीर आणि फोनमधली

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरली की मौत का कुआँ लागतोच. फळ्यांची विहीर, वर कठड्याला रेललेले बघे आणि आत भिंतीवर आडवा पळणारा मोटारसायकलवाला. कुणी वरून नोट पुढे केली की पठ्ठ्या दोन्ही हात सोडतो. एकदा मी भर दुपारी शिरलो, तेव्हा वर जेमतेम पाच-सहा डोकी होती. त्याने मुकाट दोन फेऱ्या मारल्या, हात काही सोडले नाहीत, आणि उतरून चहाला गेला.

हात सोडवतात ते वरचे बघे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली हेच मोजलं. काँप्युटरवर गाडी चालवायचा खेळ होता. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे रेटायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. शेजारी मित्र उभे केले की १३ ते १६ वर्षांच्या पोरांचा धोका पत्करणं जवळपास दुपटीवर गेलं. चोविशी ओलांडलेल्यांवर मात्र मित्रांचा फारसा परिणाम झाला नाही. २०११ मध्ये असाच प्रयोग मेंदूचं स्कॅन घेत केला, तेव्हा मित्र जवळ नव्हतेच, पलीकडच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होते. तेवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाने सुखावणारा भाग जास्त चेतला.

पडद्यापलीकडचे हे बघे आता फोनमध्ये आहेत, आणि त्यांना नोटा फेकाव्या लागत नाहीत.

अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने २०२५ पासून न्यायालयीन कागदपत्रांत, पोरांना ऑनलाइन गाठून छळणाऱ्या टोळ्यांतल्यांसाठी एक नवं नाव वापरायला सुरुवात केली: ‘निहिलिस्टिक व्हायोलंट एक्स्ट्रीमिस्ट’. मराठीत शून्यवादी हिंसक अतिरेकी म्हणू, पण इथे जपून. सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांच्या वचनपरंपरेत शून्य म्हणजे ‘मी’पण गळून पडलेली भरलेली अवस्था. या टोळ्यांचं शून्य निव्वळ पोकळ. यांना ना राज्य हवं, ना धर्म. जगाविषयीची घृणा आणि दुसऱ्याचे हाल एवढंच त्यांचं भांडवल. अशी एक कुप्रसिद्ध टोळी २०२१ मध्ये टेक्सासातल्या एका शाळकरी पोराने उभी केली. नाव काय ठेवलं, तर गावच्या पिनकोडचे पहिले तीन आकडे. आपण सोलापूरकरांनी ‘४१३’ म्हणावं तसं. ते आकडे मी मुद्दाम देत नाही, कारण नावाचा गवगवा हीच त्यांची कमाई. त्या पोराला २०२३ मध्ये ८० वर्षांची शिक्षा झाली, तरी टोळी संपली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे यंत्रणेच्या म्हणण्यानुसार तिथे अशा जाळ्यांविषयीच्या तक्रारी २०२२ ते २०२४ या काळात सहापट झाल्या.

सुरुवात गोड असते. गेममध्ये कुणीतरी ‘छान खेळतेस’ म्हणतं. मग रोज विचारपूस. घरी कुणी न विचारलेले प्रश्न हा विचारतो. मग एक गुपित, एक फोटो. आणि एके रात्री सूर बदलतो: सांगतो ते कर, नाहीतर हे घरी, शाळेत, सगळीकडे जाईल. मागण्या पायरीपायरीने चढतात, स्वतःला इजा करायला लावण्यापर्यंत, तेही कॅमेऱ्यासमोर, बघ्यांसमोर. एफबीआयच्या इशाऱ्यानुसार सावज बहुधा १० ते १७ वयाचं असतं.

पायऱ्यांचं गणित जुनं आहे. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात लोकांना अंगणात भलामोठा, ओबडधोबड फलक लावू द्याल का, असं विचारलं. थेट विचारल्यावर जेमतेम १७ टक्के ‘हो’ म्हणाले. आधी सुरक्षित वाहन चालवण्याचा टीचभर फलक लावलेल्यांपैकी ७६ टक्के तयार झाले. पहिला होकार फुकटचा वाटतो, दुसऱ्याची किंमत त्यातच वसूल होते.

मला सर्वांत अस्वस्थ करतं ते पुढचं. छळलेल्या पोरालाच टोळी सुटकेची वाट दाखवते: दुसरं सावज आण. काल कठड्याखाली असलेला आज वर उभा राहतो. म्हणून ‘नराधमांना फोडून काढा’ एवढ्याने हे आवरत नाही; पुष्कळदा समोरचा नराधमही नववीतलाच असतो.

‘आपली पोरं कुठं इंग्रजीत बोलतात,’ असं पालकांच्या एका बैठकीत एक गृहस्थ म्हणाले. पण गेमला जकात नाका नसतो, आणि शिवी न् स्तुती कुठल्याही भाषेत कळते. दुसरा प्रश्न होता, ‘फोन काढून घेऊ का?’ सगळी धमकी याच भीतीवर उभी असते. घरी कळलं तर फोन जाईल, मार बसेल, म्हणून पोर गप्प राहतं. ‘काही झालं तरी सांग, फोन घेणार नाही’ हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. प्रसंग आलाच, तर धमकावणाऱ्याची मागणी पुरवायची नाही, संदेश पुसायचे नाहीत, तोच पुरावा. सायबर तक्रारीला १९३०, मुलांसाठी १०९८ आणि मन कोसळलं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

शेवटी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक बाई उठली. ‘हजार विड्या होईस्तोवर मान वर करायला मिळत नाही. पोराला कधी विचारू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीच जरा थांबून म्हणाली, ‘विड्या वळताना जवळ बसवते. हात गुंतलेत, कान रिकामेच आहेत की.’